दारूखान्याची राखण

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला की दोन याद्या कराव्या लागतात. एक कचेरीची आणि एक घराची. कचेरीच्या यादीत खुर्च्या, कपाटे, किल्ल्या आणि न सुटलेली प्रकरणे येतात. घराच्या यादीत भांडीकुंडी, पुस्तके आणि गेल्या तीन बदल्यांत न उघडलेल्या दोन ट्रंका येतात. वस्तू आहे किंवा नाही, एवढेच दोन्ही याद्यांत नोंदले जाते. ती आज उपयोगी पडेल काय, हा रकाना छापील नमुन्यात सहसा नसतो. देणारा सुटकेचा निःश्वास सोडतो, घेणारा सही करतो, आणि साठा जसाच्या तसा पुढच्याच्या गळ्यात पडतो.

ह्या नसलेल्या रकान्याचा विचार मला ज्या पदार्थाने करावयास लावला तो पदार्थ म्हणजे दारू. वाचकांच्या मनात भलती शंका येण्यापूर्वीच सांगतो की ही दारू बंदुकीची. तिच्याशी माझा नोकरीच्या निमित्ताने कधी संबंध आला नाही. २०१७ ते २०२० ह्या काळात मी तंजावरास होतो आणि माझे काम धान्याच्या कोठारांची तपासणी करण्याचे होते. परंतु धान्य काय आणि दारू काय, दोहोंचा वैरी एकच, ओलावा. कोठारात पाऊल टाकताच थप्पीखालच्या लाकडी फळ्या पाहावयाच्या, भिंतीपासून किती अंतर सोडले आहे ते मोजावयाचे, खरेदीकेंद्रावर आलेल्या भातातील ओलाव्याचे प्रमाण शेकडा सतराच्या आत आहे काय ते पाहावयाचे, ह्यात माझे दिवस जात. त्यामुळे साठवणीचा प्रश्न कोठेही दिसला की तपासनिसाची नजर आपोआप तिकडे वळे.

तंजावरची हवा ह्या नजरेची परीक्षाच घेते. देशावरच्या माणसाच्या अंगात पावसाचे एक वेळापत्रक मुरलेले असते. मृगात पाऊस यावा, हस्तात त्याने निरोप घ्यावा, दसऱ्याला शस्त्रे पुजावी आणि दिवाळीला अंगणात कोरडी थंडी असावी. कावेरीच्या मुखप्रदेशात हे वेळापत्रक उलटे होते. आपला पाऊस सरतो तेव्हा तेथला खरा पाऊस सुरू होतो. आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत आकाश गळत राहते. फटाक्यांच्या दिवशी छत्री घेऊन बाहेर पडण्याचा प्रसंग मला तेथे पहिल्याच वर्षी आला. त्यापूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी मेट्टूरचे पाणी सुटते आणि कालव्याकालव्यांतून जमीन ओली होऊ लागते. तात्पर्य, ज्याला काही कोरडे ठेवावयाचे आहे त्याने तेथे आपले पंचांग नव्याने लिहावयास हवे.

दारू ह्या शब्दाचीही एक गंमत तेथेच ध्यानात आली. तमिळमध्ये बंदुकीच्या दारूला वेडिमरुंदु म्हणतात. वेडि म्हणजे स्फोट आणि मरुंदु म्हणजे औषध. आमच्या शिपायाने हा अर्थ सांगितला तेव्हा मला हसू आले, आणि मग आठवले की आपला दारू हा शब्दही फारसीतून आला तो औषध ह्याच अर्थाचा. दवादारू ह्या जोडशब्दात तो अर्थ आजही टिकून आहे. चिनी भाषेतही ह्या चूर्णाला अग्नीचे औषध असेच म्हणतात. तीन दूरदूरच्या भाषांनी एका संहारक पदार्थाला औषध म्हणावे, ह्याचा उगम वैद्यांच्या आणि रसायने घोटणाऱ्यांच्या खलात असावा असे वाटते. मला मात्र त्यात एक सूचना दिसली. औषध जसे मात्रेने घ्यावयाचे, तसेच ते नियमाने ठेवावयाचे असते. बाटली भरलेली आहे एवढ्यावर वैद्य समाधान मानीत नाही.

हा नियम मराठीत कोणी लिहून ठेवला आहे काय? आहे, आणि फार स्पष्ट लिहिला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सुमारे १७१५ सालचे. पंतांनी शिवछत्रपतींचा काळ पाहिला होता. पुढे राजाराममहाराज जिंजीस अडकून पडले तेव्हा महाराष्ट्रातील राज्याचा भार त्यांनीच वाहिला. जिंजी आजच्या तमिळनाडूत आहे, आणि त्या दीर्घ वेढ्याच्या काळात तंजावरच्या शहाजीराजांनी आपल्या चुलतभावाला साहाय्य केले होते. किल्ला कशाने टिकतो हे असल्या अनुभवातून शिकलेला हा मुत्सद्दी जेव्हा दुर्गांविषयी लिहावयास बसतो तेव्हा तट आणि बुरूज सांगून थांबत नाही. दारूखाना कोठे आणि कसा असावा हे तो एखाद्या काटेकोर कारखानदारासारखा सांगतो. तो राहत्या घरांजवळ नसावा, घरांकडून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर नसावा. भोवती कुंपण असावे. आत तळघर करून त्याची जमीन गच्चीची करावी. तळघरात माच घालून त्यावर दारूची मडकी व बस्ते ठेवावे, बाण वगैरे निराळे ठेवावे. ओल लागू देऊ नये. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सर्व माल बाहेर काढावा, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. पहारा रात्रंदिवस असावा, परवानगीवाचून कोणी आसपास फिरकू नये.

ह्यातला माच वाचून मी थांबलो. आमच्या कोठारांतील थप्पीखालच्या लाकडी फळ्या म्हणजे तोच माच. भिंतीपासून अंतर, जमिनीपासून उंची, ठराविक दिवसांनी तपासणी, मोहोर आणि नोंद, ह्यांपैकी आमच्या नियमपुस्तकात नवे ते काय होते? परंतु माझे लक्ष अधिक वेधले ते हवालदाराने स्वतः येण्याच्या अटीने. पंतांना दारू कुलपात हवी होती आणि हाताखालीही हवी होती. नुसते कुलूप लावणे त्यांना पुरेसे वाटले नाही; नुसती पाहणीही नाही. उघडणे आणि बंद करणे ह्या दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या जबाबदारीवर असाव्यात, हे त्या नियमाचे मर्म आहे.

त्यामागचे कारण दारूच्या घटकांतच आहे. सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांचे ते मिश्रण. शुद्ध सोरा हवेतील ओल फारशी घेत नाही. पण त्यात मीठ किंवा तत्सम क्षार राहून गेला असेल तर तो चटकन पाणी ओढतो. कोळसाही सच्छिद्र, म्हणून ओल धरणारा. एकदा ओल शिरली की सोरा तिच्यात विरघळतो, आणि पुढे ती वाळताना पृष्ठभागावर येऊन पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने बसतो. तिन्ही द्रव्ये पेटीत असतात, वजनही जवळपास तेवढेच भरते. परंतु त्यांचा परस्परांशी झालेला निकटचा संयोग मोडलेला असतो. यादीतला आकडा खरा ठरतो आणि बार मात्र फुसका निघतो. म्हणूनच भिजलेली दारू वाळवण्यापेक्षा तिला भिजू न देणे महत्त्वाचे, आणि म्हणूनच मोठ्या दारूखान्यांत पिंपे ठराविक काळाने फिरवून ठेवण्याची पद्धत होती. तेथे लोखंडी हत्यार चालत नसे. लाकूड व तांबे ह्यांचीच अवजारे वापरावयाची, नालांची पादत्राणे बाहेर काढावयाची. ओल आणि ठिणगी ह्या दोन परस्परविरुद्ध संकटांच्या मधून तो साठा जपावयाचा असे. हवा खेळली पाहिजे, पण तिच्याबरोबर ठिणगी येता कामा नये.

दारूचा साठा संपला म्हणजे काय होते, हे तंजावरच्या तटापाशीच एकदा दिसून आले. १७५८ साली फ्रेंच सेनापती काउंट लाली मोठी फौज घेऊन तंजावरावर आला. १७४९च्या वेढ्यात प्रतापसिंहराजांकडून लिहून घेतलेल्या रोख्याचे छप्पन्न लक्ष रुपये त्याला वसूल करावयाचे होते. त्याच्यापाशी तोफा होत्या, शूर गोरे शिपाई होते, आणि नुकत्याच जिंकलेल्या सेंट डेव्हिड किल्ल्याचा दरारा होता. नव्हती ती सामग्री. बैल नव्हते, गाडे नव्हते, अन्न तुटपुंजे होते. ऑगस्टच्या आरंभी तोफा डागण्यास सुरुवात झाली, तटाला खिंडार पडू लागले, आणि त्याच सुमारास दारूचा तळ दिसू लागला. समुद्रावर इंग्रजांच्या आरमाराशी झालेल्या झुंजीची बातमी येऊन कारिकलची पिछाडी धोक्यात आली. मसलत बसली तेव्हा तोफांसाठी मोजके बार आणि शिपायांच्या कमरेला मोजकी काडतुसे उरली होती. १० ऑगस्टला तंजावरच्या फौजेने बाहेर पडून त्याच्या छावणीवर छापा घातला. काही जड तोफा निकामी करून लालीला माघार घ्यावी लागली. पराक्रमाचे श्रेय मानोजी सेनापतीला आणि त्याच्या स्वारांना द्यावयासच हवे. परंतु आत कोणीतरी दारू कोरडी ठेवली होती, आणि बाहेर कोणी तिचा हिशेब केलेला नव्हता, हेही त्या विजयाचे एक कारण होते. इतिहासाने त्या आतल्या माणसाचे नाव नोंदलेले नाही. कोठीवाल्याचे नाव विजयाच्या वृत्तान्तात येत नसते. ते चौकशीच्या अहवालात येते.

लोखंडाचे प्राक्तन दारूपेक्षा निराळे. किल्ल्याच्या पूर्वेच्या बाजूस, कीळवासल भागात, तटाच्या उंचवट्यावर एक प्रचंड तोफ आहे. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन सुमारे बावीस टन. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून त्यांवर कडी चढवून, तापवून ठोकून ती घडवली आहे. रघुनाथ नायकाच्या काळातील, म्हणजे मराठे तंजावरास येण्यापूर्वीची ही निर्मिती. चारशे वर्षे ती उन्हापावसात उघडी पडली आहे, आणि तिच्यावर चढलेल्या गंजाच्या पातळ थरानेच तिचे रक्षण केले आहे. मी तिच्यापाशी अनेकदा जाऊन उभा राहिलो आहे. पोरे तिच्यावर चढून बसतात. लोखंड राहिले, ज्या दारूवाचून ती तोफ म्हणजे एक लांब नळा, त्या दारूचा कणही राहिला नाही. तोफ चार शतके टिकली ती कोणी न राखता. दारू एक पावसाळा टिकली असती ती कोणी राखली असती तरच.

पण लोखंडही नेहमी टिकते असे नाही. राजवाड्यातील आठ मजली गोपुर, जे आजही शहराच्या छपरांवरून दिसते, ते नायकांच्या व नंतर भोसल्यांच्या काळी शस्त्रागार व टेहळणीचा मनोरा होते. १८५५च्या ऑक्टोबरात शिवाजीराजे निपुत्रिक वारले, डलहौसीच्या धोरणाने राज्य खालसा झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या साठवलेल्या तलवारी, कट्यारी, अंकुश, भाले ह्यांना धनी उरला नाही. १८६०नंतरच्या काही वर्षांत ते शस्त्रागार मोडण्यात आले. बरीचशी शस्त्रे तोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. निवडक मद्रासच्या संग्रहालयात गेली, आणि काही हिंडत हिंडत परदेशांतील संग्रहालयांत पोहोचली. वॉलहाउस नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ साली ह्या शस्त्रागाराची हकीकत लिहून ठेवली म्हणून आपल्याला त्याचे काही कळते. साठा होता, पण त्या साठ्याला उद्या विचारणारे कोणी नव्हते. असा साठा वजनावर विकला जातो.

ह्या सर्व पुस्तकी विचारांना एके दिवशी प्रत्यक्ष रूप आले. पश्चिम राजवीथीच्या मागल्या बाजूस एका तंजावरी मराठी घराण्याशी माझा स्नेह जडला होता. घरातले वृद्ध गृहस्थ ऐंशीच्या घरात होते. त्यांचे मराठी जुन्या वळणाचे, मधूनमधून तमिळ शब्दांनी सांधलेले. मला मोडी वाचता येते हे त्यांना ठाऊक होते; लहानपणी थोरल्या काकांनी ती मला पाटीवर शिकवली होती. २०१८च्या नोव्हेंबरात गाजा वादळ किनाऱ्यावर आले. दक्षिणेकडील पट्टुकोट्टै भागात त्याने नारळीच्या बागा आडव्या केल्या. शहरात त्या मानाने हानी कमी झाली, पण ह्या घराचे एक छप्पर गळू लागले. माळा रिकामा करताना एक सागवानी पेटी सापडली. त्यांचा निरोप आला, "पेटीत मोडी वही आहे, आणि दुसरे जे आहे त्याला आम्ही हात लावलेला नाही. तुम्ही या."

पेटीत त्यांच्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा सरंजाम होता. बंदूक स्वतः तीस वर्षांपूर्वीच, थोरले बंधू वारल्यावर, कायद्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली होती. तिच्या मागे उरलेली ही पेटी मात्र सर्वांच्या विस्मरणात गेली. एक शिंगडे, दारूचा पत्र्याचा डबा, टोप्यांची लहान डबी, शिशाच्या गोळ्या, गोळ्या ओतण्याचा साचा आणि वही. मी दुरूनच पाहिले. डब्याचे झाकण गंजून एका बाजूने फाटले होते. आतली दारू एकच गठ्ठा झाली होती आणि तिच्यावर पांढरी बुरशी यावी तसे सोऱ्याचे स्फटिक उमटले होते. तांब्याच्या टोप्यांवर हिरवा कळंक चढला होता. शिशाला ओलीचे भय नसते असे आपण समजतो. पण बंद लाकडी पेटीतील आम्ल वाफेने त्यावरही पांढरी पूड धरली होती. ज्या चार वस्तू जुळून एक बार होतो, त्यांतली प्रत्येक वस्तू आपापल्या वेगळ्या रीतीने बिघडली होती. आणि तरीही त्यांतली एकही निर्धोक झाली आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकला नसता. टोपीतील क्षोभक द्रव्य उष्णतेने क्षीण होते, पण कोणत्या टोपीतले किती झाले हे बाहेरून कळत नाही. जुन्या साठ्याचे हेच खरे भय. त्याच्यावर विसंबताही येत नाही आणि त्याला विसरताही येत नाही.

वृद्ध गृहस्थांनी वेळ दवडला नाही. पेटी होती तेथेच ठेवून खोलीला कुलूप लावले, देवघरातला दिवा त्या बाजूच्या भिंतीपासून हलवला आणि चौकीत लेखी कळवले. दोन दिवसांनी जाणकार माणसे आली आणि वही, साचा व रिकामे शिंगडे मागे ठेवून बाकी सारे रीतसर घेऊन गेली. मग आम्ही वही उघडली.

वही १९११ ते १९३८ अशी सत्तावीस वर्षांची होती. आजोबांची कुंभकोणच्या वाटेवर थोडी शेती होती आणि पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना होता. प्रत्येक नोंदीत संवत्सराचे नाव, तमिळ महिना आणि इंग्रजी तारीख. खाली एक किंवा दोन ओळी. तै महिन्यापासून पुढे दर पंधरवड्याला साधारण एकच मजकूर: ऊन दिले, वजन बरोबर, टोप्या इतक्या, मोहोर केली. ऐप्पसि लागला की मजकूर बदले: आभाळ आहे, डबा उघडला नाही, मोहोर शाबूत. कार्तिगैतही तेच. मार्गळि सरल्यावर पहिले स्वच्छ ऊन पडले की पुन्हा ऊन दिले. १९२४च्या जुलैत कावेरीला मोठा पूर आला. त्या आठवड्याची नोंद होती ती एवढीच की पेटी माळ्यावर घेतली. पुढे ती माळ्यावरच राहिली असावी.

मी ती नोंद वाचत असता मनात आज्ञापत्रातील आठ-पंधरा दिवस घोळत होते. ह्या गृहस्थाने ते वाचले होते की नाही, कोण जाणे, बहुधा नसावे. पण जो नियम सह्याद्रीवरच्या गडांसाठी सांगितला गेला, तो दोनशे वर्षांनी कावेरीकाठच्या एका घरात पाळला जात होता, आणि पाळताना त्या प्रदेशाच्या पावसाप्रमाणे बदललाही जात होता. पावसाळी हवेत डबा उघडला तर ओल आत घेतली जाईल, म्हणून त्या दिवसांत केवळ मोहोर पाहावयाची. अक्षराला चिकटून राहिला असता तर त्या माणसाने दर पंधरवड्याला डबा उघडून दारू आपल्याच हाताने बिघडवली असती. नियमाचा हेतू ज्याला कळला त्यानेच नियम पाळला.

वहीत बारांचीही नोंद होती. सत्तावीस वर्षांत एकूण नऊ. चेन्नईहून सुटीवर आलेली त्यांची नात शेजारी बसली होती. ती संगणकाच्या व्यवसायातली, हिशेबाला तयार. तिने बोटांवर आकडेमोड केली आणि विचारले, "नऊ बारांसाठी आजोबांच्या आजोबांनी शेकडो वेळा डबा वाळवला? त्यापेक्षा लागेल तेव्हा नवी दारू आणली असती तर?" प्रश्न अगदी योग्य होता, आमच्या लेखापरीक्षकांनीही तोच विचारला असता. वृद्ध गृहस्थ थोडे हसले. म्हणाले, "कोल्हे आणि डुकरे आधी कागद पाठवून येत नव्हती, बाळ." मग काही वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण माझ्या वडिलांनी वही पुढे चालवली नाही, आणि पेटीही टाकली नाही. दोन्हींपैकी एक करावयास हवे होते." ह्या वाक्यात तक्रार नव्हती. मात्र ऐंशी वर्षे एक स्फोटक पेटी ज्या माळ्यावर होती, त्याच्या खालच्या खोलीत त्या घरातली बाळंतपणे झाली होती, आणि हे आम्हां तिघांनाही त्या क्षणी एकदमच जाणवले असावे. कोणी काही बोलले नाही.

हा प्रश्न ठासणीच्या बंदुकीबरोबर संपला असे मात्र नाही. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएल ह्याने धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि काळ्या दारूचे युग मावळले. नवी दारू ओलीला तितकीशी भीत नाही. पण तिचा वैरी तिच्या पोटातच असतो. ती आपोआप, मंद गतीने विघटित होत राहते, आणि त्यातून निघणारी आम्ल वाफ त्या विघटनाला आणखी गती देते. तूलाँ बंदरात १९०७ साली येना आणि १९११ साली लिबर्ते ह्या फ्रेंच युद्धनौका उद्ध्वस्त झाल्या त्या अशाच बिघडलेल्या दारूमुळे. त्यानंतर दारूत स्थैर्य देणारी द्रव्ये मिसळण्याकडे आणि साठ्याची नियमित परीक्षा घेण्याकडे अधिक काटेकोरपणे लक्ष दिले जाऊ लागले. पितळी काडतुसांची कथा तर आपल्याच देशातली. इंग्रजी फौजेत पावसाळ्याच्या दिवसांत काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत. कोरडे दिवस आल्यावर पाहावे तो पितळ चिरलेले. त्या चिरांचे कारण पुढे १९२१ साली शास्त्रज्ञांनी उलगडले. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि घडवताना धातूत राहून गेलेला ताण, ह्या दोहोंनी मिळून पितळ फुटत होते. जागा कोरडी होती, पहारा होता, यादीही बरोबर असेल. पण शेजार चुकला होता. घरांकडून येणाऱ्या वाऱ्याची काळजी करणाऱ्या रामचंद्रपंतांना हा शेजाराचा मुद्दा सांगावा लागला नसता.

आणि शेजाराचे भय मराठी माणसाला कोणी निराळे शिकवावयास नको. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोटके आणि कापूस एकत्र होते, एवढे सांगितले तरी जुन्या मुंबईकरांच्या अंगावर काटा येतो. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी जी आग भडकली, तीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक माणसे गेली. त्यांतले कितीतरी आग विझवणारे होते. सदोष सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटक द्रव्याकडे त्या वेळी बोट दाखवले गेले. साठा हा स्वस्थ पडून असतो हा आपला समज आहे. वस्तुतः तो दर दिवशी थोडाथोडा बदलत असतो, आणि आपण मात्र जुन्याच यादीवर सही करीत असतो.

ह्यावरून मला एवढेच उमगले की ठेवणे आणि राखणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. ठेवणे एकदाच होते, राखणे रोज करावे लागते. राखण्यात उघडून पाहणे येते, मोजणे येते, ऋतू पाहून न उघडणेही येते. आणि एक दिवस, ही वस्तू आता राखण्याजोगी उरली नाही असे ठरवून ती योग्य हाती देऊन टाकणे, हेही राखण्यातच येते. हा शेवटचा भाग आपल्याला सर्वांत जड जातो. वाडवडिलांची म्हणून आपण पेटी टाकत नाही, आणि आपल्याला वेळ नाही म्हणून ती उघडतही नाही.

आपण परमुलखात राहणारी माणसे अशा पेट्या पुष्कळ बाळगतो. त्यांत दारू नसते हे खरे. पण घरात बोलली जाणारी भाषा, सणावारांचे नियम, गावाकडच्या जमिनीचे कागद, ज्यांना पत्र लिहावयाचे राहून गेले अशी नाती, ह्या साऱ्यांची नावे यादीत असतात, आणि आहे ह्या शब्दापुढे खूण केली की आपले समाधान होते. सरस्वतीमहालात ताडपत्रे आणि मोडीची दप्तरे आज वाचावयास मिळतात ती कोणी भक्कम कपाटात कोंडली म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी ती सोडली, झाडली, तेल लावले आणि पुन्हा बांधली म्हणून. शस्त्रागाराच्या नशिबी भंगार आले आणि ग्रंथागार राहिले, ह्याची राजकीय कारणे आहेतच. पण ग्रंथागाराला रोज उघडणारे हात मिळाले, हेही एक कारण आहे.

त्या वहीचे मी बालबोध लिपीत लिप्यंतर करून दिले. सत्तावीस वर्षांचा मजकूर फुलस्केपच्या एकोणतीस पानांत मावला. शेवटच्या नोंदीनंतर दोन ओळी सोडून नातीने आपल्या हाताने, मराठी येत नसल्यामुळे तमिळमध्ये, २०१८ सालची तारीख घातली आणि लिहिले की माल जमा केला, पावती मिळाली. वृद्ध गृहस्थांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, पावतीवरचा आकडा तिच्याशी ताडून पाहिला, आणि खाली सही केली.